स्टेजमागून बघितलेल्या निवडणुका

लग्नसराईत किस्से जमत नाहीत. लग्नात कोण कुणाकडचं हे सगळ्यांना माहीत असतं. किस्से जमतात ते निवडणुकीत, कारण तिथं माणूस सकाळी एकाकडचा असतो आणि संध्याकाळी दुसऱ्याकडचा. मी मूळचा डिंगोऱ्याचा. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत वीसेक वर्षं सभांना स्पीकर लावले. मंडप असायचा जुन्नरच्या यासीनभाईंचा. आम्ही दोघं कायम स्टेजच्या मागे, बांबूला टेकून बसलेलो. पुढून सभा दिसते, मागून माणूस दिसतो. आता धंदा पोरांकडं गेला, तरी कुठं चहाला बसलो की लोक म्हणतात, "भाऊ, सांगा की एखादा." सांगतो, पण पुढाऱ्यांची नावं विचारू नका. नावं बदलली तरी किस्सा तोच राहतो, हाच त्यातला कंटाळा आहे.

*

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मंचरच्या बाजारतळावर एकाच दिवशी दोन सभा होत्या. सकाळी एका पक्षाची, दुपारी त्याच्या विरोधकांची. मंडप आमचाच, स्पीकर आमचाच, खुर्च्याही त्याच. सकाळची सभा संपली की यासीनभाईंनी झालरी बदलायच्या आणि मी मागचा बॅनर उतरवून दुसरा चढवायचा, एवढंच काम.

सकाळच्या साहेबांनी दुपारच्या साहेबांना चोर म्हटलं, टाळ्या पडल्या. लोक पांगले. आम्ही झालरी सोडायला लागलो, तर पुढच्या सतरंजीवर एक म्हातारी तशीच बसलेली. मांडीवर पिशवी, त्यात मेथीची जुडी.

यासीनभाई म्हणाले, "आजी, सभा संपली. घरी जायचं नाय का?"

म्हातारी म्हणाली, "दुसरे यायचेत ना? मग उठू कशाला? हितं सावली हाय."

दुपारच्या साहेबांनी सकाळच्यांना चोर म्हटलं. टाळ्या पडल्या. म्हातारीनंही वाजवल्या. सभा सुटल्यावर यासीनभाईंनी मुद्दाम जाऊन विचारलं, "मग आजी, कुणाचं पटलं?"

"दोघांचंबी," ती गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. "दोघंबी एकमेकांबद्दल खरंच बोलले."

*

पारगावच्या बाजूला ऊसतोड जोरात चालू होती. एका उमेदवाराच्या डोक्यात आलं की थेट फडावर जाऊन कष्टकऱ्यांशी बोलायचं. आम्ही जीपवर कर्णा बांधला, बॅटरी जोडली आणि गेलो. पाचटावर उभं राहून साहेब बोलले. तसं चांगलं बोलले. कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, राहणाऱ्या बायांचे हाल, पोरांची शाळा, हाताला पडलेले घट्टे. तोडकऱ्यांनी कोयते खाली ठेवले आणि दणादण टाळ्या वाजवल्या.

साहेब खूश. खाली उतरून त्यांनी मुकादमाच्या खांद्यावर हात टाकला. "मग, आपला माणूस म्हणून लक्षात ठेवा. सगळी मतं आपल्याला पडली पाहिजेत."

मुकादम अदबीनं म्हणाला, "साहेब, आमी बीडकडचे. आमचं मतदान तिकडं हाय."

साहेबांचा हात खांद्यावरून खाली आला. ते तडक जीपकडं निघाले. मी वायरी गुंडाळत मागं राहिलो होतो. मुकादमाला विचारलं, "आधीच सांगायचं ना राव. टाळ्या कशाला वाजवल्या?"

तो म्हणाला, "भाऊ, सकाळपास्नं बायामाणसं वाकल्याती. त्ये बोलत व्हते तवर सगळ्यांची पाठ सरळ झाली. अजून घटकाभर बोलले असते तर अजून वाजवल्या असत्या."

*

पुढं सिनेमावाले यायला लागले. अवसरी खुर्दच्या माळावर एक हिंदी नट हेलिकॉप्टरनं येणार म्हणून आठ दिवस रिक्षा फिरत होती. माळाच्या कडेला दगडूनाना नावाच्या शेतकऱ्याचं खळं. मळणी होऊन भुशाचा ढीग लागलेला. नाना सकाळीच कार्यकर्त्यांना सांगून गेले, "जरा लांब उतरवा बरं." कार्यकर्ते म्हणाले, "नाना, काळजीच करू नका."

हेलिकॉप्टर आलं. लोकांच्या टोप्या उडाल्या, यासीनभाईंची एक कनात उपसून निघाली आणि नानांचा वर्षाचा भुसा पिवळा ढग होऊन शेजारच्या शिवारात गेला. नट उतरला, हात हलवला, दोन वाक्यं बोलला आणि खुर्चीत बसला. मग उमेदवार बोलायला उभे राहिले. तोवर सगळी सभा उठून हेलिकॉप्टरभोवती. कुणी काचेला नाक लावतंय, कुणी पोराला खांद्यावर घेतंय. पायलट बिचारा सह्या देत होता. उमेदवार माझ्याकडं बघून खुणा करत होते, आवाज वाढव. मी वाढवला. रिकाम्या खुर्च्यांना लई मोठ्यानं ऐकू गेलं असेल.

सभेनंतर पुण्याहून आलेला एक वार्ताहर लोकांना विचारत फिरत होता. दगडूनाना दोन्ही हात कमरेवर ठेवून मोकळ्या खळ्यात उभे होते. त्यानं वही काढली आणि विचारलं, "काका, यंदा हवा कुणाची आहे?"

नानांनी शेजारच्या शिवाराकडं बोट केलं. "हवा कुणाची का असंना," ते म्हणाले, "उडतो आमचाच भुसा."

*

जुन्नरला एकदा टीव्हीवरच्या मालिकेतली एक नटी आणली होती. त्या काळी घराघरांत तिची मालिका लागायची. उघड्या जीपमध्ये उन्हात फिरून फिरून पोरीला घेरी आली. यासीनभाईंचं घर जवळच होतं, तर तिला तिथं आत नेऊन निजवलं. त्यांच्या बायकोनं, हमीदाभाभींनी, लिंबाचं सरबत दिलं, पंखा लावला. बाहेर कार्यकर्ते घड्याळं बघत होते. भाभींनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, "ती उठल्याशिवाय कुणी हाक मारायची नाय."

जाग आल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि हळूच विचारायला लागली, "भाभी, हे उमेदवार चांगले आहेत का हो?"

भाभी चकित. "अगं, मगाशी चौकात तूच सांगत होतीस ना? गोरगरिबांचा कैवारी म्हणून?"

"ते पाठ करून आले होते," ती म्हणाली. मग म्हणाली, "घरी आईला बरं नाहीये. दवाखान्याला पैसे लागतात, म्हणून आले."

भाभींनी तिला भाकरी आणि बोंबलाची चटणी खायला घातली. तिनं पोटभर खाल्लं. पुढच्या चौकात तिनं पुन्हा तेच भाषण म्हटलं, अगदी हसून. त्यानंतर ती मालिका लागली की भाभी टीव्हीकडं बघून म्हणायच्या, "पोरीचा चेहरा उतरलाय, जेवली नसंल."

*

निवडणुकीत सगळ्यात गर्दीची जागा म्हणजे दहावा. नदीच्या घाटावर आयती माणसं बसलेली असतात आणि उठून जाता येत नाही. आमच्या ओळखीच्या गंगूआक्का वारल्या. फार बोलायची सवय नसलेली बाई. दहाव्याला माईक लावला होता, तो कीर्तनकार महाराजांसाठी. पण निवडणूक लागलेली, म्हणून तीन उमेदवार येऊन बसले. महाराजांनी दोनच शब्द सांगितले आणि माईक गेला त्यांच्याकडं.

पहिल्यांचे आक्कांशी कौटुंबिक संबंध होते. दुसऱ्यांना आक्का मुलासारखं मानायच्या. तिसरे आक्कांवरून सुरू करून थेट कालव्याच्या पाण्यावर गेले. तिकडं दगडावर पिंड ठेवलेला आणि कावळा काही शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, पण कर्ण्याच्या आवाजानं खाली उतरत नव्हते. आक्कांच्या लेकीनं, तारानं, हात जोडले. "आये, मी भावाला अंतर देणार न्हाई." कावळा नाही. "तुझ्या शेळ्या इकणार न्हाई." तरी नाही. पोरीला रडू फुटलं. आईचं काय राहिलं, तिला कळेना.

मग ती माझ्याकडं आली. "भाऊ, जरा ते बंद करता का? कावळं दबकून बसल्याती."

मी वायर ओढली. साहेबांनी माईकवर टिचकी मारली. मी म्हणालो, "लाईट गेली." त्या दिवसांत यावर कुणी संशय घेत नसे. घाटावर शांतता झाली. नदीचं पाणी ऐकू यायला लागलं. साहेब माईक धरून उभेच होते, तेवढ्यात एक कावळा खाली आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

मागं बसलेले एक म्हातारबाबा डोळे पुसत म्हणाले, "तिची एवढीच इच्छा राहिली व्हती."

*

आणि हा एक. आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात, एक वाडी आहे. वाडी आणि रस्ता यांच्या मध्ये ओढा. पावसाळ्यात तो असा फुगतो की पलीकडचं माणूस पलीकडंच राहतं. तिथल्या ठकूबाईचा तरणा मुलगा, किसन, दळण घेऊन परत येताना त्या ओढ्यात वाहून गेला. दळणाचा डबा खाली खडकात सापडला. किसन सापडला नाही.

तेव्हापासून दर निवडणुकीत त्या वाडीत सभा झाली की ठकूबाईला स्टेजवर बोलवायचे. पहिल्या वेळी उमेदवारानं तिला मिठी मारली आणि तो रडला. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी तिचा हात हातात घेऊन फोटो काढला. दोघांनीही पूल करतो म्हणून सांगितलं. ती यायची, उभी राहायची, सोडलं की खाली जाऊन बसायची. कधी एक शब्द बोलली नाही. यासीनभाई मान दुसरीकडं वळवायचे.

तिसऱ्या वेळचे साहेब तरुण होते. त्यांना वाटलं, म्हातारीच्या तोंडूनच चार शब्द यावेत. बोलता बोलता त्यांनी तिला पुढं घेतलं आणि माईक तिच्या हातात दिला. "बोला मावशी. घाबरू नका. तुम्ही म्हणाल ते सगळे ऐकतील."

ठकूबाईनं माईक दोन्ही हातांनी धरला. तिचा श्वास कर्ण्यातून बाहेर येत होता. मग ती मागं वळून माझ्याकडं बघायला लागली.

"दादा, ह्यो आवाज लांब जातो का?"

मी म्हणालो, "जातो की, मावशी."

"वढ्याच्या पल्याड?"

"पल्याडच्या डोंगरापर्यंत जाईल."

ती वळली, पण लोकांकडं नाही. साहेबांकडंही नाही. स्टेजच्या कडेला जाऊन, ओढ्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. वायर पुरेना म्हणून मी ती सैल सोडली.

"किसन," तिनं हाक मारली. रोज शेतावर मारावी तशी साधीच. "आरं किसन. पूल व्हतोय म्हणत्याती. घाई करू नको बाबा. पाणी उतरंपर्यंत तिकडंच थांब."

थोडा वेळ ती तशीच कान देऊन उभी राहिली. मग परत आली, पदरानं माईक पुसला आणि साहेबांच्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली. "आता तुमी बोला."