हौशीरामाचा पाऊण तास

हौशीराम मूळचा भाजे गावचा, पण जन्म त्याने खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर काढला. घाट चढून तापलेल्या मोटारींत पाणी ओतायचे, हे त्याचे काम. डबा उचलायच्या आधी तो विचारायचा, "मुंबई कवा सोडली?" आणि उत्तर ऐकून ड्रायव्हरला तोंडावर सांगायचा, की अर्धा तास कुठेतरी उंडारलास. मुंबई ते पुणे सव्वाशे मैल, मोटारीला पाच तास. कमी सांगणारा थापाड्या. हा त्याचा कायदा होता आणि त्यात कुणाची गय नव्हती.

१९३८ च्या आश्विनात त्याच्या मुलाचे, सोपानाचे पत्र आले. सोपान मुंबईला विमानांच्या मिस्त्रीच्या हाताखाली होता. मंगळवारी सकाळी आठला तो विमान चालवणाऱ्या साहेबाबरोबर पुण्याला निघणार होता. पोचायला पाऊण तास. पत्र वाचून दाखवणाऱ्या पोस्टमनला हौशीरामाने दोनदा विचारले, नीट वाचलेस ना म्हणून.

देशावर यायचे तर घाटानेच यावे लागते, हे त्याला पक्के ठाऊक. विमान झाले म्हणून काय, वरून का होईना, घाटातूनच येणार. आणि घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाशी थांबल्याशिवाय कुठली गाडी वर येत नाही. विमान थांबणार नाही, म्हणून त्याने सोमवारीच खाली जाऊन विमानाच्या नावाने नारळ फोडला. त्याची बायको बयाबाई हसली. मला नाही हसू येत. पोटचे पोर हवेत असले की माणसाने काय करावे, हे कुणी सांगू नये.

मंगळवारी दाट धुके होते. साडेआठच्या सुमारास दरीतून घरघर आली. हौशीराम आपल्या नेहमीच्या दगडावरून उठून उभा राहिला, आणि धुक्यातून लॉरी निघाली. नऊला पुन्हा लॉरीच. दहाला त्याने ओळखीच्या महिपती ड्रायव्हरला गाठले.

"खाली कुटं काय पडल्यालं दिसलं का?"

"काय पडायचं?"

हौशीरामाच्या तोंडून 'इमान' हा शब्द निघेना. "काय बी," तो म्हणाला.

अकराला डबा तिथेच टाकून तो घाट उतरू लागला. प्रत्येक वळणावर दरीत वाकून बघत होता. धुके निवळले होते. खाली नुसते रान.

दीडला तो धापा टाकत वर आला, तर सोपान त्याच्याच दगडावर बसलेला.

"कुटनं आलास?"

"पुण्यावरनं, आबा. आगगाडीनं. इमान नवाच्या आत पोचलं. घाटात धुकं बघून सायबानं वाटच बदलली, भीमाशंकराच्या अंगानं नेलं."

हौशीरामाने त्याचे खांदे, दंड चाचपून बघितले. मग एक कचकचीत शिवी हासडली आणि मटकन खाली बसून रडला.

"तुजा पाऊण तास झाला," तो म्हणाला, "माजा सकाळपासनं चालूच हाय."

सोपानाने त्याला हाताला धरून दगडावर बसवले.

"आता दोन दिस ऱ्हा."

"न्हाई आबा. उद्या सकाळी माघारी जायचंय. इमानानंच."

"कुनीकडनं नेनार?"

"ते वर गेल्यावर सायब ठरवील."

"मंग म्या वाट बघत बसायचं कुटं?" हौशीरामाने विचारले.