उलटे वाळवलेले हातमोजे

नालवाडीच्या ताईंचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. पण वर्ध्यात माझं काम टिकलं ते त्यांच्यामुळे, हे आधी सांगून टाकते. काय झालं ते मग.

मी कणकवलीकडची. आठवीत शाळा सुटली. नवऱ्याला ड्रायव्हरचं काम वर्ध्याला मिळालं म्हणून इतक्या लांब आले, आणि पुढे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्याच्या कामाला लागले. ताई तिथल्या जुन्या तंत्रज्ञ. मला पहिल्या दिवसापासून एकच धास्ती: काहीतरी फुटेल, सांडेल, आणि उद्यापासून येऊ नका म्हणतील. नळ बंद केला तरी दारातून परत येऊन बघायची.

मॅडम तिथे पीएचडी करत होत्या. त्या नेमकं काय करतात, असं मी ताईंना एकदा भीतभीत विचारलं. ताईंची शेती वडनेरला. त्या म्हणाल्या, "वावरातून चाललं का लुगड्याच्या काठाले गोखरू चिकटते का नाई? झटकलं का बरंचसं पडते. झटकूनबी जे पडत नाई, तेच पेराचं. अन् मंग त्यातून पुन्हा चालाचं. असं करता करता पक्कं धरणारंच राह्यते. मॅडम तेच करून राह्यल्या. गोखरू म्हणजे आरएनए, अन् लुगडं म्हणजे पेप्टाइड."

पेप्टाइड म्हणजे सापाच्या विषातल्या प्रथिनाचा एक लहानसा तुकडा. तो बारीक मण्यांना जोडलेला असे. त्यावर आरएनएचे असंख्य वेगवेगळे रेणू ओतायचे, मणी धुवायचे, धुऊनही जे चिकटून राहतील ते सोडवून घ्यायचे, त्यांच्या आधी डीएनएत, मग परत आरएनएत प्रती काढायच्या आणि पुन्हा ओतायचे. अशी एक खेप म्हणजे एक फेरी. पक्का धरणारा रेणू सापडला तर पुढे कधीतरी रक्तातलं विष ओळखायला तो उपयोगी पडेल, असं मॅडम म्हणायच्या. चार फेऱ्या नीट झाल्या होत्या.

त्याच सुमारास हातमोजे संपत आले. नागपूरहून नवे यायचे होते, ते येत नव्हते. शेवटचं खोकं अर्ध्यावर आलं आणि मॅडम काळजीत पडल्या. एकदाच घालून फेकलेले ते मोजे बघून मला रोज हळहळ वाटायचीच. मी कचऱ्याच्या डब्यातले चांगले दिसणारे काढले, साबणाने दोनदा धुतले, मागच्या खिडकीच्या गजांवर उन्हात वाळवले आणि घडी घालून खोक्यात वरच ठेवले. कोणाला सांगितलं नाही. मॅडमना वाटेल अजून बरेच आहेत, तेवढाच त्यांच्या जिवाला आराम.

पाचवी फेरी बिघडली. आरएनए शाबूत आहे का ते जेलच्या पातळ वडीवर बघायचे; तिथे त्याची एक नीट रेघ दिसायला हवी, तर नुसता फराटा. मॅडमनी पाणी बदललं, पुन्हा केलं. फराटाच. रसायन बदललं. तेच. सामान पुरवणाऱ्या कंपनीला तक्रार लिहायला बसल्या. डोळे सुजलेले. मी शेजारीच बाटल्या विसळत होते आणि मनात म्हणत होते, देवा, मी काही फोडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई मागच्या खिडकीशी आल्या. गजांवर चार मोजे वाळत होते.

"अवो माय! हे काय वाळू घातलं?"

"धुतलेत ताई. स्वच्छ आहेत. वास घेऊन बघा."

ताईंनी एक उचलला, बोटं चाचपली. "हा तं उलटा हाय. काढताना उलटा झाला, तसाच धुतला तू. घामाची बाजू वर." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्या घामात, कातडीवर एक असं राह्यते का ते आरएनएचे तुकडे करून टाकते. साबणानं जात नाई. उकळूनबी धड जात नाई. मोजे कायले घालतो आपण? मॅडमचे हात घाण होतीन म्हणून नाई. आपल्या हातानं त्यायचं काम मरू नये म्हणून."

मी म्हटलं, "ताई, सांगू नका. मला काढून टाकतील. इथे माझं कोणी नाही."

"मी नाई सांगत. तूच सांगशीन. नाई तं ते पोरगी उद्याबी हेच खोकं वापरीन." त्या मोजे गोळा करू लागल्या. "चाल. मी येतो संगं."

मॅडमसमोर मी कसंबसं सांगितलं. त्यांनी खोकं पुढे ओढलं, एक एक मोजा काढून बघितला. मग म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतं."

तेव्हा ताई मध्ये पडल्या. "गलती माहीबी हाय मॅडम. इले मोजे घाल म्हणून सांगतलं, फेकाचे कायले ते नाई सांगतलं. तुमच्या चौथ्या फेरीचा डीएनए फ्रीजरात हाय ना? त्याले या घामाचं काई होत नाई. तिथून उचला. पाणी, डबे, बाकी सगळं आम्ही दोघी नव्यानं करून देतो."

तोवर नागपूरचे नवे मोजेही आले, आणि आम्ही दोन रविवार तेच केलं. एकेक डबा, एकेक बाटली. ताई मला दर वेळी कारण सांगत होत्या, आणि मी चुकले की, "कोकणात काय सगळं धुऊनच वापरता का वो?" म्हणून हसत होत्या. दुसऱ्या रविवारी त्यांच्या जावेचा फोन आला तेव्हा मला कळलं की वडनेरला कापूस फुटलाय, वेचायला माणूस नाही, आणि जाऊ एकटीच वावरात आहे. ताई फोनवर म्हणाल्या, "येतो ना वो पुढच्या रविवारी. इकडं काम हाय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नव्याने केलेल्या पाचव्या फेरीची रेघ मॅडमनी मला बोलावून दाखवली. बारीक, सरळ, एकच. मला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण रात्री झोप लागली.

मी अजून तिथेच आहे. अजूनही दारातून परत येऊन नळ बघते. कापूस मी कधी वेचलेला नाही. वेचायला येते असं ताईंना म्हटलं तर म्हणतात, "पहिले बोंड कोणतं अन् फूल कोणतं ते तं ओळख." ओळखेन. वडनेरच्या वावरात, वेचणीच्या दिवसांत, ताईंच्या शेजारची ओळ मी एक दिवस धरणार आहे, आणि ते दोन रविवार फेडून येणार आहे.