मेलबर्न ते चिकलठाणा

आमच्या ह्यांनी मोबाईलमध्ये बघून माझ्या मायला सांगून टाकलं, "मेलबर्न ते आपलं चिकलठाणा विमानतळ, दहा हजार किलोमीटर. विमानाला बारा तास." झालं! मायनं तेवढंच धरलं. जन्मभर पिशोरहून एसटीनं ये-जा केलेली बाई ती. गाडी सुटली की पोचली, एवढाच तिचा हिशेब. तिची धाकटी लेक, माझी बहीण, मेलबर्नच्या घरून निघाली होती. म्हणजे उद्या दुपारी जेवायला येणारच, असं ती मावशीला सांगून मोकळी झाली.

बारा तास म्हणे! अहो, ते नकाशावरच्या सरळ रेघेचं अंतर. त्या रेघेवरून कुठलंच विमान येत नाही. धाकटीला आधी सिंगापूर, तिथं ताटकळायचं, मग मुंबई, आणि मुंबईहून पुढं टॅक्सी. हे मायला कोण सांगणार? मला ह्यांचा लई राग आला. पण रागावून तरी काय, तिचा जीव त्या बारा तासांवरच टिकून होता.

बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत माय तीन वर्षं अंथरुणावर होती. हगणं-मुतणं, औषधपाणी, सगळं मीच केलं. उपकार नाही केले, पण केलं. आता नजर गेली होती, अन्न सुटलं होतं आणि तोंडात एकच, "धाकटी कुठवर आली?"

दुसऱ्या दिवशी दुपार टळली. धाकटीचा फोन बंद. ती विमानात, कुठंतरी समुद्रावर. मायला धाप लागली. मावशी म्हणाली, "जीव अडकलाय गं लेकीत. तू दे हात हातात. म्हण, मी आले."

आमच्याकडं असं करतात. जाणाऱ्याचा जीव लांबच्या माणसात अडकला की दुसऱ्यानं हात द्यायचा, त्याच्या नावानं बोलायचं. मी म्हणाले, "मावशे, मला नाय जमायचं."

"मग काय, अशीच तळमळत ठेवतीस व्हय तिला?"

मी बांगड्या उतरवल्या. धाकटी घालत नाही. सवाष्णीनं हात मोकळे करू नयेत म्हणतात, पण मावशीनंच त्या उचलून फडताळात ठेवल्या.

"माय, मी आले."

"धाकटे? आलीस व्हय गं?" केवढी हसली! तीन वर्षांत माझ्यासाठी ती अशी कधी हसली नव्हती. माझं मनगट चाचपलं, हात गालाला लावला. मला वाटलं, सुटली बिचारी.

पण तिनं मान वळवली. "थोरली कुठंय? मघापासून आवाज नाय तिचा. लई झिजली गं ती माझ्यापायी. हाक मार तिला. एकदा जवळ घेऊ दे."

मावशीनं माझा खांदा दाबला. "मीच थोरली" असं म्हणाले असते, तर धाकटी पुन्हा समुद्रावर गेली असती. "बोलावते," मी म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.

मायनं तोंड दाराकडं केलं. माझा हात धरून ती माझीच वाट बघत होती. दिवस मावळायच्या आत गेली.

धाकटी दुसऱ्या दिवशी टॅक्सीतून उतरली. मायची माती तिच्यासाठी थांबवली होती. माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला तिनं, "तू तरी भेटलीस गं तिला!"

"व्हय," मी म्हणाले.