सेलूला तरंगलेलं चुंबक

आधीच सांगून टाकते — मी फिजिक्स शिकवते. कुणाच्या अंगात आलं, कुणाला नजर लागली असं ऐकलं की माझं डोकं फिरतं. तरीही हे लिहितेय, कारण इतकी वर्षं पोटात ठेवून कंटाळले.

२००४-०५ च्या सुमाराची गोष्ट. वर्ध्याला माझी पीएच.डी. चालू होती. गॅडोलिनियम, बेरियम आणि तांब्याचं एक ऑक्साइड आम्ही भट्टीत भाजून बनवायचो. काळी, बटणाएवढी गोळी. अंगची चुंबकीय, तरी खूप थंड केली की सुपरकंडक्टर होते, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देते, आणि तिच्यावर ठेवलेलं चुंबक अधांतरी तरंगतं! चुंबकपणा आणि सुपरकंडक्टरपणा या दोन सवती एका घरात कशा नांदतात, आतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी कशी असते, हे क्ष-किरणांच्या स्पेक्ट्रममधून शोधायचं, हा माझा विषय.

माझे गाइड देशकर सर कॅन्सरने सेलूला घरी अंथरुणावर होते. आमच्या भट्टीतली एकही गोळी तोवर जमली नव्हती. नवी निघाली, ती थंड करून बघायच्या आधीच त्यांचा निरोप आला, "डोळे मिटायच्या आत मले दाखवजो."

थंड करायला द्रव नायट्रोजन लागतं. ते मिळायचं गुरांच्या दवाखान्यात — वळूचं वीर्य त्यात गोठवून ठेवतात. तिथले कंपाउंडर दरवेळी चिडवायचे, "मॅडम, कोणती म्हैस हाय तुमची? अजून गाभण नाई राह्यली?"

मे महिना, भर दुपार. एसटीने सेलूला पोचले, सरांसमोर थर्मास उघडला... कोरडा! वाटेत झाकण सैल होऊन सगळं उडून गेलं होतं. मला रडूच फुटलं.

"काऊन रडून राह्यली बेटा? ठेव चुंबक."

"सर, नायट्रोजन नाही. नाही तरंगणार."

"ठेव त खरं."

त्यांचं मन राखायला म्हणून ठेवलं. हात काढला... आणि चुंबक गोळीला टेकलंच नाही. त्या उन्हाळ्यात, पंख्याच्या गरम हवेत, तरंगत राहिलं! मी औषधाच्या चिठ्ठीचा कागद मधून सरकवला, तो आरपार गेला. सरांच्या पत्नी, काकू, दारातच थिजल्या. "अवो, हे कशावर उभं हाय?"

"आपल्या भट्टीतली हाय," सर एवढंच बोलले आणि हसले. थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला. वळून बघते तर चुंबक गोळीवर बसलेलं. पुन्हा पुन्हा ठेवून पाहिलं, काही नाही. त्याच आठवड्यात सर गेले. मी खूप रडले, पण ते समाधानाने गेले याचा आधार वाटला.

पुढे तीच गोळी बाहेरगावी स्पेक्ट्रमसाठी नेली. सुपरकंडक्टर असेल तर आलेखात ऑक्सिजनच्या मोठ्या चढाच्या अलीकडे एक छोटं शिखर दिसतं. गोळी फोडून आतला ताजा तुकडा लावला. शिखर नव्हतंच. भाजताना तिच्यात ऑक्सिजन कमी पडला होता — लोडशेडिंगची कृपा असावी. उरलेला तुकडा नायट्रोजनमध्ये बुडवूनही पाहिला. चुंबक ढिम्म.

म्हणजे ती गोळी कितीही थंड केली असती तरी चुंबक तरंगलं नसतं. मग त्या दुपारी आम्ही तिघांनी काय पाहिलं? एक विचार मात्र अजून पाठ सोडत नाही — त्या दिवशी थर्मास भरलेला असता, तर मी नियमाप्रमाणे गोळी थंड केली असती, चुंबक ढिम्म राहिलं असतं आणि सरांना आपली फसलेली गोळी बघून जावं लागलं असतं.