उजवी कळी

मालूताईला मी फसवलं. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही – बायकोलासुद्धा नाही.

आमच्या भागातून दिल्लीला निवडून गेलेली ती पहिली बाई. आमच्याच गावची लेक. ऐंशीच्या निवडणुकीत तिच्या प्रचाराला मी माझा टेम्पो पार हेदवीपर्यंत फिरवला. डोक्यावर आंब्याच्या पेट्या वाहून मी दलाल झालो होतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवताना मुंबईच्या व्यापाऱ्यांना घाम फोडायचो. मला वाटलं, आता दिल्लीत आपलं माणूस बसलं.

मग एकदा माझ्या बागेपर्यंत रस्ता हवा म्हणून अर्ज घेऊन तिच्या अंगणात गेलो. अंगण माणसांनी भरलेलं. तिने अर्ज वाचला आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला.

"दत्तू, आधी वरच्या वाडीचं पाणी. तिथल्या बायका कळशीसाठी डोंगर उतरतात रे. तुझा आंबा टेम्पोत बसून जातो."

"काय दत्ताशेठ, दिल्लीनं पण भाव पाडलान वाटतं!" मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले. तीही हसली.

तेवढंच. खरंच तेवढंच. पण ते हसू मी मनात धरून ठेवलं.

पहिल्या वेळी फॉर्म भरण्याआधी तिने ग्रामदेवीचा कौल घेतला होता. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने एकेक कळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या आणून द्यायचा मान आमच्या घराचा – उजव्या खांद्याची आधी गुरवाच्या हातात द्यायची, डाव्याची नंतर. दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी ती पुन्हा देवीसमोर उभी राहिली. त्या सकाळी देवळामागे मी फणसाचं पान मोडलं आणि – लिहितोच आता – उजव्या कळीला चीक लावला.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आई, तुजी लेक पुन्ना उभी ऱ्हावते, उजवा दे!" सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. सर्वांत मोठा आवाज कोणाचा होता, सांगू?

डावी पडली.

"ताई, परत लावून बघूया की," गुरव म्हणाला.

"नको. आईशी घासाघीस करायची नसते."

ती माझ्याकडे बघून बोलली का? नाही. मला तसं वाटलं, इतकंच.

तिने फॉर्म भरला नाही. त्यानंतर कधीच नाही. वरच्या वाडीच्या पाण्यासाठी तिने आणवलेले पाइप डोंगराच्या पायथ्याशी गंजत पडले. बायका कळशी घेऊन उतरतच राहिल्या. मी माझा राग काढला – आणि काढून काय मिळवलं? रस्ता तर तसाही झाला नाही.

मरेपर्यंत दर शिमग्याला ती देवीची ओटी भरायला यायची. ओटी भरून झाली की हात जोडून विचारायची, "आई, माझं काय चुकलं गो?" दर वर्षी तोच प्रश्न. तिच्या मागे दोन हातांवर फुलांची परडी घेऊन मी उभा असायचो. मान आमच्या घराचा ना!

ती देवीच्या उत्तराची वाट बघत गेली. दगडाला विचारू नका आता. परडी धरणाऱ्याला विचारा. गावासमोर, त्याच पायरीवर उभं करून जाब विचारा – दत्ताराम, तिचं काय चुकलं होतं?