आडवं बोअर

भूगर्भशास्त्र शिकलेली मी घरातली पहिली पदवीधर. म्हणून वाटूरजवळच्या आमच्या रानात विहिरीची जागा वडिलांनी मलाच विचारली. मोसंबीची झाडं वाळायला लागली होती. माहीत नाही म्हणायची लाज वाटली आणि मी एका जागेकडे बोट दाखवलं. चाळीस फूट खोदूनही नुसता कोरडा काळा खडक लागला.

"बाई, पुस्तकातलं पाणी काई निघालं न्हाई," खोदणारा मिस्त्री म्हणाला.

वडिलांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. ते मला एवढंच म्हणाले, "मंग पुस्तक परत बघ."

पुस्तकात साफ लिहिलं होतं की आपल्याकडच्या खडकात पाणी भेगांमध्ये असतं. मी शेजारच्या तीन विहिरींत उतरले. तिन्हींत पाझर ओढ्याच्या अंगाला, पंचवीसेक फुटांवर होता. आमच्या विहिरीतही त्याच खोलीवर, ओढ्याच्या दिशेनं आडवं बोअर मारायला लावलं. दुसऱ्या दिवशी भिंतीतून मनगटाएवढी धार सुरू झाली.

पुढं नोकरीतही मी शेजारची विहीर बघितल्याशिवाय जागा सांगितली नाही.

धार लागली त्या दिवशी वडील मिस्त्रीला म्हणाले, "लिव्हलेलं बराबर होतं. पोरीनं वाचताना घाई केल्ती."