पहिलीच्या वर्गाचं आभाळ

माझी वहिनी सरकारी शाळेची मुख्याध्यापिका आहे, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही. माझं शिवणकामाचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. मशीनवरून मान वर केली की तिचा व्हरांडा दिसतो, त्यामुळे तिच्या नोकरीचा अर्धा ताप मला बसल्या जागी होतो.

मुलं तिला मोठ्या बाई म्हणतात. उंचीने ती सगळ्या शिक्षकांत लहान. गणित शिकवायला म्हणून नोकरीला लागली. फार चांगलं शिकवायची, म्हणून तिला मुख्याध्यापिका केलं आणि शिकवणंच सुटलं. हातात खडू होता तिथे फोन आला. मुलांनी हात धुतले, फोटो पाठवा. झाड लावलं, फोटो पाठवा. झाड जगलं, त्याचाही पाठवा. जेवताना दादा तिला विचारतो, "भाजी वाढू, की आधी फोटो काढतेस?" तिला हसू येत नाही. मलाही येत नाही, पण भावाचा विनोद म्हणून मी हसते.

तरी फोटोंचं एक वेळ सोडा. खरं दुखणं छताचं होतं. पहिलीच्या वर्गाच्या बरोबर वर पाण्याची टाकी आहे आणि ती झिरपते. टाकी पाणी खात्याची, छत बांधकाम खात्याचं आणि खाली बसलेली पोरं शिक्षण खात्याची. पाणी खातं म्हणतं, टाकी उत्तम आहे, छताचा उतार चुकलाय. बांधकाम खातं म्हणतं, छत उत्तम आहे, टाकी हलवा. टाकी रिकामी ठेवावी, तर स्वच्छतागृहाला पाणी नाही. मग मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत. अशाने छताला ओल धरली, प्लास्टर फुगलं, चिमूट चिमूट वाळू पडायला लागली. पोरं वहीवरची वाळू फुंकायची आणि पुढचं अक्षर काढायची. एक दिवस हे सगळं त्यांच्या डोक्यावर येणार, या एका भीतीने वहिनीची झोप उडाली होती.

उपाय एकच होता. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी छत डोळ्यांनी बघायचं आणि तसा शेरा लिहायचा. साहेब दरवर्षी यायचेही. पण साहेब येणार म्हटलं की आमच्या शाळेच्या अंगात काय संचारतं देव जाणे! शिपाईमामा बादली लपवतात, बाई लोक तक्ते डकवतात, ओलीवर पताका चढतात. साहेब 'इमारत उत्तम' लिहून जातात. आणि उत्तम इमारतीला दुरुस्ती कशाला लागते?

यंदा वहिनीने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "काही सजवायचं नाही. बादली आहे तिथेच राहू दे. ओल दिसू दे. जाऊ दे आपली अब्रू एकदाची." सगळ्यांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी! चित्रकलेच्या सरांना बाईंबद्दल फार आदर. बाईंची अब्रू जाणार हे काही त्यांना सोसेना. सुट्टीच्या दिवशी शिडी लावून त्यांनी अख्खं छत निळं रंगवलं आणि ओलीच्या डागांचे पांढरे ढग केले. फुगवटा होता तिथे सगळ्यात गुबगुबीत ढग.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी वर्गात डोकावली आणि तशीच दुकानात आली. "वन्सं," ती म्हणाली. मला ती वन्सं फक्त संतापली की म्हणते. "माझ्या छताचं आभाळ केलंय त्या माणसाने!"

"मग झापलंस की नाही?"

"कशी झापू? हाताचा रंग अजून निघाला नाही आणि विचारतो, बाई, आवडलं का?"

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, असं म्हणतात. इथे फाटक्याला आभाळाचंच ठिगळ लावलं होतं. मी शिंपीण असून मला असला उद्योग सुचला नसता.

साहेब आले. मान वर करून म्हणाले, "वा! किती कल्पक!" सर लाजले. वहिनीने फळ्याजवळची लांब पट्टी उचलली, बाकावर चढली आणि गुबगुबीत ढगाला टोचली. ओंजळभर वाळू साहेबांच्या खांद्यावर पडली.

"साहेब, हा ढग नाही. ओल आहे."

माणूस वाईट नव्हता. खांदा झटकून तो तिला व्हरांड्यात घेऊन आला. "बाई, मीसुद्धा मुख्याध्यापक होतो, मला कळत नाही का? खोली धोकादायक आहे असं लिहितो. पण लिहिलं की खोलीला कुलूप. खोली कमी पडली की पहिलीचा वर्ग पलीकडच्या शाळेत जाणार. दुरुस्ती कधी होईल ते माझ्या हातात नाही. माझ्याही डोक्यावर साहेब बसलेत."

पलीकडची शाळा म्हणजे हमरस्त्याच्या पलीकडची. तिथे ट्रक मोठ्या माणसांसाठी थांबत नाहीत, पहिलीच्या पोरांसाठी काय थांबणार? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, यालाच म्हणतात.

"लिहा," वहिनी म्हणाली. "पहिली माझ्या खोलीत बसेल."

"मुख्याध्यापकांना खोली लागतेच, बाई. नियम आहे."

"मला आहे ना. हा व्हरांडा."

त्याच दिवशी तिचं टेबल बाहेर आलं. ते चित्रकलेच्या सरांनी उचललं, खाली मान घालून. जुन्या वर्गाला कुलूप लागलं, सतरंज्या आत तशाच राहिल्या. दुरुस्तीवाले कोणी आले नाहीत. वरून फोन मात्र आला, फोटोत मुख्याध्यापकांचं कार्यालय जागेवर दिसत नाही, खुलासा करा! ऐकून मीच दुकानातली कात्री आपटली. दादा म्हणाला, बदली मागून घे. वहिनी म्हणाली, "आणि तिथे छत असेल असं तुम्हाला कोणी सांगितलं?" एवढं मात्र झालं, की पहिलीच्या बाईंना कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाला नेलं की दारात बसलेली वहिनीच वर्ग घ्यायला लागली. तिच्या पदराला पुन्हा खडू लागलेला बघून मला बरं वाटायचं.

मग एका सकाळी मी काजं करत बसले होते आणि समोर खडीचा ट्रक रिकामा व्हावा तसा आवाज झाला. मी हातातलं टाकून धावले. कुलूपबंद वर्गाच्या खिडकीतून धूळ येत होती. सतरंज्यांवर, जिथे पुढच्या रांगेतली पोरं बसायची तिथे, निळे-पांढरे तुकडे पडले होते. एकेक तुकडा चौरंगाएवढा. चित्रकलेचे सर गज धरून उभे होते आणि लहान मुलासारखे रडत होते.

वहिनी तिच्या जुन्या खोलीत होती. एकेका पोराच्या डोक्याला हात लावून मोजत होती. मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी बाहेर आली आणि तिने स्पीकर चालू करून साहेबांना फोन लावला.

"कोणाला लागलं नाही ना?" साहेबांनी आधी तेच विचारलं. वहिनी नाही म्हणाली.  मग साहेब हळूच म्हणाले, "बाई, फोटो काढलात का? फोटोशिवाय वर काही हलत नाही."

वहिनीने माझ्याकडे बघितलं.  "नाही काढला, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही या. या वेळी मान वर करायची गरज नाही, खालीच बघा."

तिने फोन कट करून माझ्या हातात दिला. "वन्सं, धर हा. माझा वर्ग थांबलाय." ती आत गेली आणि तिने खडू उचलला. फोन माझ्या हातात वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजला. मी उचलला नाही.